दूध सोडलेलं घर

साखरेचा डबा रिकामा झाला त्या दिवशी दिवाणजींनी साखर सोडली. तुपाचं बुडकुलं खरवडून झालं तवा तूप सोडलं. तेलाची बाटली उपडी करून शेवटचा थेंब मी तव्यावर पाडला, तर हे सकाळीच बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात जाऊन, देवापुढं हात जोडून आले आणि मला म्हणाले, "आजपासनं चातुर्मास संपेपर्यंत तेलाचा त्याग." डबा वाजायला लागला की ह्या माणसाला वैराग्य यायचं. दिवाणजी म्हणजे माझा नवरा, जिनपाल. त्यांना त्या नावानं कुणी हाक मारलेली खपायची न्हाय, म्हणून मीही दिवाणजीच म्हणते.

सत्त्याहत्तरचं साल हुतं. तंबाखूला उठाव न्हवता आणि निपाणीतल्या ज्या वखारीत हे बावीस वर्षं हिशेब लिहीत हुते, तिला ज्येष्ठातच कुलूप लागलं. त्या कुलपाचा मला राग न्हाय. वखारी बंद पडतात, माणसं दुसरं काम बघतात. गुळाच्या अडतीत वजनाच्या काट्यावर माणूस पायजे हुता, बोलावणं दारात आलतं. हे काय म्हणाले? "मी लेखणीचा माणूस. मी काट्यावर उभा राहू?" मग मी म्हणलं, शेजारी गंगव्वा विड्या वळते, तिच्याजवळ बसून मीही वळते. तर डोळे असे वटारले की काय सांगू. दिवाणजीची बायको विड्या वळणार, म्हणजे ह्यांचं नाक कापलं जाणार. पोटात काय न्हाय तरी चालंल, धोतर मात्र परीटघडीचं पायजे.

आमच्या जैनांत चातुर्मासात प्रत्येकजण काय ना काय सोडतो. कुणी कंदमुळं, कुणी पालेभाजी, कुणी सहा रसांतला एखादा रस, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ ह्यातलं एक. माझी आजी चार महिने मीठ सोडायची. पण तिच्या घरात मिठाची मडकी गळ्यापर्यंत भरलेली असायची. असताना सोडणं ह्याला त्याग म्हणतात. नसताना सोडणं ह्याला काय म्हणतात ते दिवाणजींना विचारा, ते तुम्हाला तासभर प्रवचन देतील.

आणि लोकंही तसलीच. बस्तीचे कारभारी भुजबलीअण्णा, तंबाखूचे व्यापारी, रोज सकाळी पूजा झाल्यावर शिरा खाऊन यायचे आणि ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "दिवाणजी, तू संसारातला मुनी आहेस." झालं. दिवाणजी घरी यायचे ते तरंगतच. मी बिनफोडणीचं वरण आणि कोरडी भाकरी पुढं ठेवली की आधी डोळे मिटायचे, मग जेवायचे. मला वाटायचं, ते डोळे न मिटता एकदा माझ्या हातातल्या पिठाच्या डब्याकडं बघतील तर बरं.

ह्यातलं सगळं मी गिळलं असतं. दोघंच माणसं, दोन भाकरी कमी खाल्ल्या म्हणून काय मरत न्हाय. पण श्रावणात माझी लेक शांतला पहिल्या बाळंतपणाला आली. जावई बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. त्यानं तिला एसटीनं आणून सोडली, दोन घास खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. सातवा महिना लागलेला. पोरीचं तोंड हळदीसारखं पिवळं, पाय सुजलेले, उठून उभी राहिली की भिंत धरायची.

मी तिला नर्सबाईकडं नेलं. नर्सबाईनं तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली आणि मला बाजूला घेतलं. म्हणाली, "रक्त न्हाय अंगात. रोज शेरभर दूध द्या, गूळ-शेंगदाणे द्या. न्हायतर बाळंतपणात पोर हातातनं जाईल, मग मला बोल लावू नका." मी घरी येऊन दिवाणजींना शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "धर्म करणाऱ्याच्या घरात वाईट हुईत न्हाय." तिडीक गेली माझ्या डोक्यात.

दुसऱ्या दिवसापासनं हे दुपारी बस्तीत शास्त्र ऐकायला गेले की मी गंगव्वाच्या घरी सोप्यात विड्या वळायला बसू लागले. बोटं वळत न्हवती आधी, गंगव्वानं शिकवलं. तेवढ्या पैशात बाळाबाई गवळणीकडनं शेरभर दूध यायला लागलं. तापवून तांब्यात ठेवायचं, चुलीमागं झाकून, आणि हे नसताना पोरीला पाजायचं. आपल्याच घरात आपल्याच पोरीला चोरून दूध पाजायची पाळी आलती माझ्यावर. पण पंधरा दिवसांत पोरीच्या ओठांवर जरा रंग आला.

मग भाद्रपदात दहा दिवसांचं पर्व आलं, आणि पहिल्याच दिवशी दिवाणजींनी भर बस्तीत दूध सोडलं. त्यांच्या मते घरात दूध येतच न्हवतं, तवा सोडायला काय जातंय? आणि नुसतं स्वतः न्हाय. म्हणाले, "माझ्या घरानं दूध सोडलं." लोक वा वा म्हणाले. पण भुजबलीअण्णा व्यापारी माणूस. ते उठले आणि म्हणाले, "ज्या घरानं दूध सोडलं, त्याच घरातनं उद्यापासनं पर्व संपेपर्यंत देवाच्या अभिषेकाचं दूध यावं. ह्यापेक्षा मोठा मान न्हाय."

दिवाणजींना तिथं न्हाय म्हणता येईना. छाती पुढं काढून व्हय म्हणाले आणि घरी आले ते अंगातलं वारं गेल्यासारखे. फुकटात मान मिळावा म्हणून दूध सोडलं, आणि रोज शेरभर दूध विकत आणायची पाळी आली. असला शहाणपणा आमच्या दिवाणजींनाच सुचावा. मला हसू आलतं, पण ते घटकाभरच.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी देवाच्या दुधाला भांडं बघायला ते स्वयंपाकघरात शिरले. लग्न झाल्यापासनं कधी शिरले न्हवते. चुलीमागचा तांब्या त्यांनी उचलला.

"कुठलं हे दूध?"

"पोरीचं. नर्सबाईनं सांगितलंय, तुम्हाला सांगितलंय मी."

"घरानं दूध सोडलंय. आणि तू चोरून आणतीस? मला पापात घालतीस?"

"पोर मेली तर ते पुण्य हुईल काय?" मी म्हणलं.

त्यांनी तांब्यावर उपरणं टाकलं आणि बस्तीत गेले. पैसे कुठनं आले हेही विचारलं न्हाय. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. शांतला भिंतीला टेकून बसलेली. मला म्हणाली, "राहू दे आई. मला तसाही दुधाचा वास सोसत न्हाय." खोटं बोलत हुती. आदल्या दिवशी तांब्यात बोट फिरवून चाटताना मी तिला बघितलं हुतं.

मी म्हणलं, चल, गंगव्वाच्या घरी बसून पी. पण बापानं तिला सांगून ठेवलेलं, की ते दूध आता देवाला बोललंय, प्यायलीस तर पोटातल्या जिवाला बाधंल. त्यानंतर तिनं तोंड लावलं न्हाय. बाळाबाईचं दूध हे दारातच हातात घ्यायचे, आणि आठ दिवस माझ्या विड्यांचं दूध मूर्तीवरनं वाहून गेलं. देवानं मागितलं न्हवतं. देवाला सगळं सोडून हजारो वर्षं झाली, त्याला माझ्या पोरीच्या शेरभर दुधाची काय पडलीय? मागितलं माणसांनी आणि दिलं एका भित्र्या माणसानं. आठव्या दिवशी शांतला न्हाणीत चक्कर येऊन पडली. दिवाणजी म्हणाले, "सांभाळून चालायला काय हुतं?"

त्या क्षणी माझ्या मनातनं हा माणूस उतरला.

अनंत चतुर्दशीला शेवटचा अभिषेक झाला. दुपारी बस्तीत सत्कार. दिवाणजींचा कडक उपास, ओठ सुकलेले, पण अंगावर शाल आणि हातात नारळ आल्यावर चेहऱ्यावर काय तेज. भुजबलीअण्णा बोलले, खूप बोलले. मग बायकांच्या बाजूला बघून म्हणाले, "आता घरच्या लक्ष्मीनंही एखादा नियम घ्यावा. बोला प्रेमलाआक्का, काय सोडता?"

मी उठले. पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं.

"घरात गरोदर लेक हाय. नर्सबाईनं तिला शेरभर दूध सांगितलंय. ती रोज शेरभर दूध प्यायल्याशिवाय मी घरच्या धन्याला ताट वाढणार न्हाय. आणि त्यांचं झाल्याशिवाय मी जेवणार न्हाय. तिचं बाळंतपण हुईस्तोवर माझा हा नियम. मला द्या."

भुजबलीअण्णा म्हणाले, "पण दूध तर तुमच्या घरानं सोडलंय."

"ज्यांनी सोडलं त्यांनी सोडलं. पोटातल्या जिवानं काय सोडलेलं न्हाय," मी म्हणलं. "त्याला कुणी विचारलं न्हाय."

बायकांच्यात कुजबूज सुरू झाली. भुजबलीअण्णांची बायको मोठ्यानं म्हणाली, "खरं हाय की. गरोदर बाईला कसला आलाय त्याग?" बस्तीत पूजा सांगणारे उपाध्ये म्हातारे, सरळ माणूस. त्यांनी दिवाणजींकडं बघितलं. शाल पांघरलेल्या माणसाला चारचौघांत काय बोलता येणार? दिवाणजींनी मान डोलावली. उपाध्यांनी मला देवापुढं नियम दिला. आता तो मोडायची ताकद दिवाणजींच्यात न्हवती, माझ्यातही न्हवती.

दुसऱ्या दिवशी पारणं. सगळ्या गावाचे उपास सुटले. दिवाणजी आंघोळ करून पाटावर येऊन बसले.

"वाढ."

"दूध?"

"अगं, आजच्या दिवस..."

"देवापुढं घेतलाय नियम. तुम्हीच मान डोलावलीसा."

ते उठले आणि भुजबलीअण्णांकडं गेले. तासाभरानं एक कपभर दूध घेऊन आले. संसारातल्या मुनीला एवढंच मिळालं. मी म्हणलं, शेर म्हणलंय. त्यांनी भाकरीच्या बुट्टीकडं हात नेला. मी अडवलं न्हाय. नुसतं म्हणलं, "घ्या की. भुजबलीअण्णांची बायको संध्याकाळी विचारायला येणार हाय, दिवाणजी कसे जेवले म्हणून." हात मागं गेला. कोट चढवून बाहेर पडले. मीही उपाशीच हुते, पण मला त्याचं काय वाटत न्हवतं.

दिवस कलायला आला तवा परत आले. पांढऱ्या धोतराला गुळाचे डाग, बाह्या वर सारलेल्या, हातात बाळाबाईच्या घरची दुधाची चरवी. अडतीत काट्यावर उभं राहून आलते. चरवी माझ्यापुढं ठेवली आणि पाटावर बसले. आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत न्हाईत, आणि सूर्य तर समोरच्या कौलांवर टेकला हुता.

मी दूध तापवलं. गूळ घालून पोरीला दिलं. बाप बघतोय म्हणून शांतला घटाघटा प्यायला लागली, तिला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणलं, "सावकाश पी, बाळा. घाई कसली?"

ती सावकाश प्यायली. दोन पेले झाले, तिसरा भरला. दिवाणजी एकदा पेल्याकडं बघायचे, एकदा दाराबाहेर. तिसरा पेला संपला तवा कौलांवर उजेड न्हवता. मी ह्यांचं ताट झाकून ठेवलं, माझंही झाकलं. ते पाणीही न पिता झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी अडतीत जायच्या आधीच दूध घेऊन आले. सकाळचे नऊ वाजले हुते. पोरीपुढं स्वतः पेला ठेवला आणि ती शेवटचा पेला पिऊन हुईस्तोवर उंबऱ्यात बसून तिच्याकडं बघत राहिले. मग तिच्या पायांकडं बघितलं, बराच वेळ.

"एवढी सूज कधीपासनं हाय?" त्यांनी विचारलं.

"आल्यापासनं," मी म्हणलं, आणि ताट वाढलं.