साहेबांनी खराब ठरवलेला टेस्टर

मी एक टेस्टर आहे. पिवळ्या पारदर्शक प्लॅस्टिकची मूठ, तिच्यात इवलासा लाल दिवा, खाली स्क्रू-ड्रायव्हरसारखं टोक आणि डोक्यावर धातूची टोपी, एवढाच माझा संसार. वीज असली की मी पेटतो, नसली की गप्प बसतो. याहून जास्त मला काही येत नाही, पण जे येतं त्यात मी कधी चुकलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्यावर खोटेपणाचा आरोप झालाय, आणि तोही अशा माणसाकडून ज्याला मला धरायचं कसं हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

एका पत्र्याच्या शेडमध्ये शेकडो भावंडांबरोबर माझा जन्म झाला आणि तिथून मी कोलकात्यात चांदनी मार्केटच्या फुटपाथवर आलो. तिथे मिस्त्री लोक यायचे. उचलायचे, अंगठा टोपीवर ठेवायचे, शेजारच्या बोर्डात टोक घालून बघायचे. त्यांचे हात कसे असतात ते मला कळलं होतं. आपल्यालाही असाच हात मिळेल, अशी माझी भाबडी आशा होती. मिळाले ते श्यामसुंदर देवस्थळी.

देवस्थळी साहेब मूळचे साताऱ्याचे. एका सरकारी कंपनीत खरेदी विभागाचे बडे अधिकारी, बदली होऊन इथे आले त्याला अकरा वर्षं झाली. बालीगंजला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, बायको लीनाताई, कॉलेजात जाणारी मुलगी कादंबरी. आणि रोज सकाळी लोकलने सियालदहला उतरून, पुढे बसने येणारी शेफाली. ती या घरचे कपडे-भांडी करायची. तिला कुणी घरातल्या माणसांत धरत नसे. मी धरतो, कारण ही गोष्ट तिच्या जिवाची आहे.

वॉशिंग मशीनचं जुनं सॉकेट ढिलं झालं होतं. लीनाताई म्हणाल्या, मिस्त्रीला बोलवा.

"अगं, अख्ख्या सबस्टेशनच्या फायली माझ्या सहीशिवाय हलत नाहीत," साहेब म्हणाले. "एका सॉकेटला मिस्त्री कशाला?"

फायलीवर सही करणाऱ्याला वीज कळते, हा समज ज्याने पहिल्यांदा पसरवला त्याला माझा कोपरापासून नमस्कार. रविवारी साहेबांनी मेन स्विच बंद केला, एवढं एक काम बरोबर केलं. मग नवीन पांढरं सॉकेट बसवलं. न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीचं प्लॅस्टिक सोलायचं असतं, ते न सोलता तसंच आत कोंबलं आणि त्यावर स्क्रू आवळला. माझ्याच टोकाने आवळला, याची मला अजून लाज वाटते.

मेन सुरू केला, मशीनचं बटण दाबलं. मशीन ढिम्म. साहेबांनी मला उचललं आणि मूठ धरून, टोपीला बोटही न लावता, माझं टोक सॉकेटात घातलं. माणसाचं बोट टोपीवर टेकलं नाही तर मी पेटत नाही.

"लाइटच नाहीये," साहेबांनी निकाल दिला. "वीज कंपनीला फोन लाव."

"बाबा, अंगठा वरच्या टोपीवर ठेव ना," कादंबरी म्हणाली. शाळेत शिकवलेलं तिच्या लक्षात होतं. अंगठा ठेवताच मी पेटलो. मग मशीनची पिन अर्धवट खोचून तिच्या दुसऱ्या पायाला लावलं, तिथेही पेटलो. "बाबा, हा दोन्हीकडे जळतोय," ती म्हणाली. इथेच वाढलेली पोर, तिचं मराठी असं अधूनमधून घसरतं, पण डोळे बापाहून बरे.

एका भोकात वीज येते, तिथे पेटणं ठीक. दोन्हीकडे पेटलो याचा अर्थ परत जाणारी वाट तुटली आहे. मी इतक्या स्पष्ट शब्दांत आणखी काय सांगणार होतो? साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "टेस्टर खराब आहे. फुटपाथचा माल."

मग त्यांनी मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ लावला. निम्मा पाहिला, जाहिरात आली तसा पुढे ढकलला. त्यात कुणी तरी न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये वायरीचा छोटा तुकडा जोडताना दिसला. साहेबांनीही जोडला. मशीन सुरू झालं. साहेबांनी पांढऱ्या सॉकेटचा फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि लोकांनी टाळ्या पाठवल्या. मूर्खपणाला टाळ्या मिळायला फार वेळ लागत नाही.

आता परतीची वीज जमिनीत जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीतून जाऊ लागली, आणि त्या जुन्या इमारतीत ती वायर भिंतीतच कुठे तरी गंजून तुटायला आली होती. जायला पुरेशी जागा नाही म्हटल्यावर वीज त्याच वायरीला जोडलेल्या मशीनच्या पत्र्यावर येऊन थांबली. पत्र्याला हात लावणार होती शेफाली.

दुसऱ्याच दिवशी ती लीनाताईंना म्हणाली, "काकिमा, मेशिन शॉक मारछे."

"तिला सांग, ओल्या हाताने धरू नकोस म्हणावं," साहेबांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं. कपडे धुणाऱ्या बाईने हात कोरडे ठेवायचे. असले हुकूम फायलीवर छान दिसतात.

चौथ्या दिवशी शेफालीने पुन्हा सांगितलं. कादंबरीने मला मशीनच्या पत्र्याला लावलं, मी जीव खाऊन पेटलो. "तो काय, कुठेही पेटतो," साहेब म्हणाले. त्या दिवसापासून लीनाताई रबरी चप्पल घातल्याशिवाय मशीनजवळ गेल्या नाहीत. त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. शेफालीला मात्र चप्पल घालता येईना, कारण कामवालीच्या चपला दाराबाहेर, हा या घरचा नियम. तेव्हा साहेबांनी तोड काढली. साताऱ्याहून आणलेला जेवणाचा एक जुना पाट मशीनपुढे टाकला. "लाकडातून करंट जात नाही. तिला म्हणावं, यावर उभी राहत जा."

नियम मोडायचा नाही, मिस्त्री बोलवायचा नाही, चूक कबूल करायची नाही, आणि एका बाईचा जीव पाटावर ठेवायचा. माणसं याला व्यवहार म्हणतात.

रोजच्या पाण्याने तीन आठवड्यांत पाट भिजून फुगला. ओलं लाकूड कुणाला वाचवत नाही. एका सकाळी मशीन चालू असताना शेफालीने झाकणाला हात घातला आणि तो तिथेच चिकटला. तिला ओरडताही येईना. नशिबाने कादंबरी दारात होती, तिने धावत जाऊन स्विच बंद केला. शेफाली खाली कोसळली. तळहात भाजला होता, ओठ पांढरे पडले होते, पण श्वास चालू होता.

"ओल्या हाताने कोण धरतं?" साहेब म्हणाले.

कादंबरीने रबरी चप्पल घातली, स्विच लावला आणि मला पत्र्याला टेकवलं. मी पेटलो.

"अगं, तो खराब आहे."

"मग तू लाव हात," ती म्हणाली.

साहेबांनी मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सगळं घर त्यांच्याकडे बघत होतं. ते म्हणाले, "माझी चप्पल कुठे आहे?"

दुपारी मिस्त्री आला. त्याने सॉकेट उघडलं, न सोललेली वायर आणि तो तुकडा बघितला. साहेबांनी त्याला हिंदीत सांगितलं, "बाई ने अंदर पानी गिरा दिया." मिस्त्रीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तुकडा काढून टाकला आणि वायर सोलली. मला मात्र साहेबांनी केराच्या डब्यात टाकलं.

आठवड्याने शेफाली हाताला फडकं बांधून आली ती काम सोडते हे सांगायला. कादंबरीने मला डब्यातून केव्हाच काढून ठेवलं होतं. तिने शेफालीचा अंगठा माझ्या टोपीवर टेकवून दाखवला आणि म्हणाली, "शेफालीदी, एटा राखो." हा तुझ्याजवळ ठेव.

आता मी शेफालीच्या पिशवीत राहतो, जेवणाच्या डब्याच्या आणि लोकलच्या पासाच्या शेजारी. नव्या घरात गेली की ती आधी मला फ्रिजला लावते, मशीनला लावते, मगच पदर खोचते. तुमच्याकडे आली तर तोंड वाकडं करू नका. तिला बघू द्या. आणि मी पेटलो तर मला नावं ठेवण्याआधी स्वतःच्या भिंतीकडे बघा.

गेल्या आठवड्यात डमडमच्या एका घरात मी पेटलो. बाई हसून म्हणाल्या, "तोमार टेस्टर खाराप."

शेफालीने मला पदराला पुसलं. "टेस्टर ठिक आछे," ती म्हणाली आणि मला घेऊन जिना उतरली.