नौदलाचे चौदा जोड

आमच्या चाकणच्या वर्कशॉपात विमानवाहू जहाज बनत नाही, हे आधीच सांगते. कारण माझ्या सासूबाई निगडीत सोसायटीभर तसं सांगत फिरतात. आम्ही फक्त पितळी जोड बनवले. संयुक्त सरावात मित्रदेशाचं तेलवाहू जहाज आपल्या विमानवाहू जहाजाला भर समुद्रात तेल देणार होतं. त्यांच्या नळीचे आटे वेगळे, आपले वेगळे. मैत्रीचे करार दिल्लीत होतात हो, पण आटे जुळल्याशिवाय थेंबभर तेल इकडून तिकडे जात नाही.

चौदाही जोड मी तपासले आणि कागदावर सही केली. माझी ही पहिलीच सही. वर्कशॉपचे मालक दिग्विजय म्हणाले होते, "एक जरी नापास झाला, तर सहीचं काम परत माझ्याकडे." अकरा वर्षं तपासायचं मी आणि सही करायची त्यांनी, याचा मला भयंकर राग होता.

नौदलाचे साहेब आले ते नेमके खंडेनवमीला. त्यांनी पहिला जोड उचलून आट्यांत मापाचं गेज फिरवलं. दोन वेढे जाऊन ते अडकलं.

दिग्विजयनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ते फार लागलं. मी जोड जवळजवळ हिसकावून घेतला आणि उजेडात धरला. आट्यात हळदीनं पिवळा झालेला तांदळाचा दाणा रुतून बसला होता.

"दत्तोबा, हे काय?"

आमचे म्हातारे टर्नर दत्तोबा पूजेचं ताट घेऊनच उभे होते. "विजयश्रीताई, सकाळी मशिनीसंगं त्यांचीबी पूजा केली. एवढ्या समुद्रावर निघाल्यात, अक्षता टाकल्याबिगर कसे धाडू?"

दाणा काढला, ब्रश मारला. गेज सरळ आत गेलं. साहेब हसले, पण गेज आधी का अडकलं ते लिहून द्या म्हणाले. दत्तोबांचं नाव लिहिणं सोपं होतं. पण पूजा दरवर्षीच होते. पूजेनंतर पुन्हा तपासायला हवं होतं ते मी. तसंच लिहिलं, खाली सही केली आणि ही शेवटचीच असं मनाशी धरलं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"उरलेले तेरा धुऊन तुम्हीच तपासा," ते म्हणाले. "मी बघत नाही. तुमची सही मला पुरे."

बाह्या सारून दिग्विजय दत्तोबांशेजारी जोड धुवायला बसले.