भोंगा होईपर्यंत

"हातात धर. पर्समध्ये टाकलीस तर हरवून बसशील," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्या तळहातावर एक चावी ठेवली.

हॉस्पिटलच्या त्या वॉर्डात बारा खाटा होत्या, त्यातल्या अकरा जणांचे कान आमच्याकडे. काका म्हणजे माझ्या नवऱ्याचे पंपहाऊसमधले जोडीदार. दोघांनी वीस वर्षं एकाच पाळीत काढली होती. मी चावीकडे बघितलं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारून टाकला.

"कुणाच्या घराची आहे?"

त्याला कारण होतं. महिन्यातून एकदा नवरा डबल ड्युटीला जायचा. ती रात्र नेमकी पौर्णिमेची असते हे लक्षात यायला मला चार वर्षं लागली. सकाळी घरी यायचे तेव्हा डोळे लाल, खांद्यावर ओरखडे. ओरखडे बघून बायको दुसरं काय समजणार? मी शिवणाचं मशीन जोरात चालवायची.

काका हसायला गेले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. "घर नाही गं पोरी, टाकी. तीन नंबरची."

मग त्यांनी थांबत थांबत सगळं सांगितलं. लग्नाच्या आधी जंगलातली पाइपलाइन दुरुस्त करताना माझ्या नवऱ्याला काहीतरी चावलं होतं. तेव्हापासून पौर्णिमेच्या रात्री ते माणसात नसतात, लांडगा होतात. तीन नंबरची टाकी जमिनीखालची, कधीपासून बंद पडलेली. संध्याकाळी ते तिच्यात उतरायचे, काका वरून झाकण लावून कुलूप घालायचे आणि सकाळी उघडायचे. वीस वर्षांत एकदाही चूक नाही.

खरं सांगते, पहिल्यांदा मला वाटलं, बरं झालं, बाई नाही. लांडगा हा शब्द डोक्यात शिरला तो नंतर.

"सहाचा भोंगा होईपर्यंत उघडायचं नाही," काका म्हणाले. "तो हाक मारेल. आवाज त्याचाच असेल. तरी नाही. आवाज आधी माणसाचा होतो, बाकीचं मागनं. कळलं? आणि अजून एक गोष्ट..."

तेवढ्यात सिस्टर आल्या. भेटायची वेळ संपली होती.

"उद्या सांगतो," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा खाटेवर नवी चादर घातलेली होती.

काका गेल्याच्या चौथ्या दिवशी मी घरी आले तर नवरा मिक्सर उघडून बसलेले. बटणावर त्यांची लाल पाटी लटकत होती : 'काम चालू आहे. हात लावू नये.' पंपहाऊसचा हा कायदा. मशीनला हात घालायच्या आधी बटणावर किंवा व्हॉल्व्हवर पाटी लावायची, आणि ज्यानं लावली त्यानंच काढायची. साहेबाचा बापही मध्ये येऊ शकत नाही. घरात साधा पंखा पुसायचा तरी हे पाटी लावणार. आमची मुलगी अक्षरं शिकली ती त्याच पाटीवर.

मी चावी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला.

"आधी सांगितलं असतं तर लग्न केलं असतंस?" त्यांनी विचारलं.

"नसतं केलं."

"म्हणून नाही सांगितलं."

मला राग आला, रडूही आलं. पंधरा वर्षं मी एका नसलेल्या बाईला शिव्या घातल्या होत्या. तिच्या जागी हे. सवत परवडली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं. पण समोर बसलेला माणूस मान खाली घालून मिक्सरचा स्क्रू शोधत होता, आणि त्याला टाकून जावं असं काही मला वाटेना.

"कुलूप मी लावीन," मी म्हटलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही टाकीवर गेलो. पंपहाऊसच्या मागे, गवतात, लोखंडी झाकण. शिडीवर कमरेपर्यंत उतरल्यावर ते थांबले.

"काकांनी सगळं सांगितलंय ना तुला?"

"सांगितलंय."

इथं माझं चुकलं. 'अजून एक गोष्ट' राहिली होती, ती विचारायला हवी होती. पण इतकी वर्षं मला ह्यातलं काहीच कळू दिलं नव्हतं, म्हणून त्या दिवशी मला सगळं माहीत असल्याचा तोरा मिरवायचा होता. त्यांनी शर्टाची घडी करून माझ्या हातात दिली. मी झाकण ओढलं, कुलूप घातलं, दोनदा हिसका देऊन बघितलं.

रात्रीचं मी सांगत नाही. ज्याच्या शेजारी आपण झोपतो त्याचा तसला आवाज कुणाला ऐकायला लागू नये.

उजाडायला आलं आणि आतला आवाज थांबला. मी झाकणावर बसून होते. मग पायाखालून घरघर ऐकू आली, नळाला पाणी यायच्या आधी येते तशी. नंतर कळलं, दोन नंबरच्या टाकीला गळती लागली होती आणि पहाटेच्या पाळीवाल्यानं पाणी तीन नंबरकडे वळवलं. व्हॉल्व्हवर पाटी नव्हती, त्यानं तो फिरवला. त्याचं काहीच चुकलं नाही. काका दर वेळी कुलूप लावलं की जाऊन त्या व्हॉल्व्हवर लाल पाटी लावायचे. त्यांची राहिलेली गोष्ट ही होती.

"अगं," आतून हाक आली. "अगं, पाणी आलं."

त्यांचाच आवाज. आंघोळीला टॉवेल मागतात तसा.

"भोंगा झाला नाही अजून," मी म्हटलं.

"छातीपर्यंत आलंय. उघड ना गं."

घड्याळात पावणेसहा झाले होते. मी पाच मिनिटं काढली. कशी काढली ते मलाच माहीत. मग आवाज गुदमरला आणि मी चावी फिरवली.

बाहेर आलं ते माझा नवरा नव्हतं. माझ्या डाव्या दंडात दात रुतले ते हाडापर्यंत. मी त्यांना हाक मारली, आणि ती पकड सुटली. ते लांब जाऊन गवतात अंग चोरून बसले. भोंगा झाला तेव्हा तिथं एक ओला, उघडा माणूस रडत होता. माझ्याच हातातल्या शर्टानं त्यांनी माझा दंड बांधला.

"पाटी," एवढंच म्हणाले. "पाटी कुठाय?"

दंड दहा दिवसांत भरून आला. इतक्या लवकर भरला तेव्हाच आम्ही दोघं काय ते समजलो. आता मीही.

"मी निघून जातो कुठंतरी," ते म्हणाले.

"आणि मी कुठं जाऊ?"

टाकी मोठी होती, दोघं मावत होतो. प्रश्न एकच होता. कुलूप बाहेरून लागतं.

बाहेरच्या कुणाला सांगावं? आम्ही चार रात्री नावं काढली आणि एकेक खोडली. शेवटी मी मुलीला स्वयंपाकघरात बोलावलं. पंधरा वर्षांची. सगळं ऐकून घेतलं, रडली, उठून तोंड धुतलं आणि परत येऊन बसली. बापावर गेलीय, काम समजून घेतल्याशिवाय उठत नाही.

"आधी व्हॉल्व्हवर पाटी," मी म्हटलं, "मग झाकण, मग कुलूप. भोंगा होईपर्यंत उघडायचं नाही. बाबांनी हाक मारली तरी नाही. मी मारली तरी."

"पाणी आलं तर?"

"पाटी लावलीस तर येणार नाही."

"आणि आलंच तर?"

तिचे बाबा खिडकीकडे बघायला लागले. मला जे जमलं नव्हतं ते मी पोटच्या पोरीकडे मागत होते.

"तरी नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. नंतर बाहेरच्या खोलीतून कुलूप उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज येत राहिला. सराव करत होती.

पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही दोघं शिडीवरून खाली उतरलो. पाणी उपसून काढलं होतं, तरी तळ अजून ओला होता. वर पावलं व्हॉल्व्हकडे गेली, पाटीची साखळी वाजली, पावलं परत आली. झाकण सरकत सरकत उजेड गेला. कुलूप लागलं. तिनं दोनदा हिसका देऊन बघितलं.

मग वरून हळूच आवाज आला. "आई?"

अजून सूर्य पुरता मावळला नव्हता. माझा आवाज माझाच होता, मीही मीच होते. घाबरू नकोस एवढं म्हटलं असतं तर तिची रात्र थोडी सोपी गेली असती. पण आत्ता ह्या आवाजावर तिनं विश्वास ठेवला, तर पहाटेही ठेवेल.

"आई? ऐकू येतंय?"

अंधारात नवऱ्यानं माझा हात धरला. मी काही बोलले नाही. थोडा वेळ वाट बघून ती झाकणावर बसली.