अण्णांचं डावीकडे फिरणारं स्टिअरिंग

अरे, गाडी एक आणि माणसं ही एवढी. गॅरेज कसलं, घराला चिकटलेली बोळासारखी खोली. त्यात ती जुनी गाडी उजव्या भिंतीला खेटून उभी, पुढचा भाग लोखंडी घोडीवर टेकवलेला, पुढची दोन्ही चाकं अधांतरी. अख्खी गल्ली आत घुसलेली. आई गाडीत, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. आणि बॉनेटला पाठ टेकून, ना पुढे ना मागे, तिची धाकटी लेक अडकलेली.

"मी हात लावणार नाही हं," आत्म्यांशी बोलणारे बुवा म्हणाले. "तुमच्या घरचाच माणूस लावेल."

धाकटीच्या काकांनी आईच्या बाजूच्या खिडकीतून आत वाकून स्टिअरिंग उजवीकडे वळवलं आणि धरून ठेवलं.

बुवांनी डोळे मिटले, आवाजाला लोणी लावलं. "अण्णा, पोरीनं परगावी नोकरीला जावं का? उजवीकडे हमरस्ता, डावीकडे आपली गल्ली, आपलं घर. बोला अण्णा. सोडा, काका."

काकांनी सोडलं. आणि स्टिअरिंग आपलं आपण, सावकाश, डावीकडे फिरलं. गर्दीतले हात जोडले गेले. आई रडत रडत हसली.

आता हे झालं कसं, ते ऐका. अण्णा म्हणजे धाकटीचे वडील. गाडी त्यांचा जीव की प्राण. पण स्टिअरिंग इतकं ढिलं की इथे फिरवलं तर चाकाला उद्या कळणार. चाकं वळवणारा तो खालचा रॅक खोलू, रॅक खोलू म्हणता म्हणता अण्णाच गेले. मग धाकटीनं तो खोलला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. दातेरी दांडी रॉकेलनं घासली, फाटलेली रबरं बदलली, नवे बुश घातले, ग्रीस भरलं. याच गाडीनं सोमवारी नोकरीवर हजर व्हायचं होतं तिला. पण आई काच पुसायला गेली, स्टिअरिंगला धक्का लागला, आणि ते हळूच परत फिरलं. झालं. शेजारीण धावत जाऊन बुवांना घेऊन आली.

बुवांचा हुकूम एकच: गाडी घोडीवरून उतरवायची नाही, उतरली की आत्मा गेला. तेव्हापासून आई गाडीतच. चहा तिथे, जेवण तिथे, स्टिअरिंगशी गप्पा.

"तू जा की," ती धाकटीला म्हणायची. "मी कुठे अडवतेय? फक्त त्यांना एकदा हो म्हणू दे."

आता सांगा, यातून सुटायचं कसं? दाराला कुलूप असतं तर तोडलं असतं पोरीनं.

"काका, बाजूला व्हा," धाकटी म्हणाली. "या वेळी मी विचारते." गर्दीतून वाट काढत ती खिडकीशी आली, आत वाकली आणि तिनं स्टिअरिंग उजवीकडे धरलं. "अण्णा, मी राहावं असं वाटत असेल तर उजवीकडेच ठेवा. जावं असं वाटत असेल तर डावीकडे."

सोडलं. डावीकडे.

"दिशा बदलल्या की आत्मा गोंधळतो," बुवा घाईघाईनं म्हणाले.

"अण्णा?" काका म्हणाले. "आयुष्यभर गाडी चालवली त्यानं. त्याला डावं-उजवं कळेना?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. आईनं मात्र धाकटीचा हात धरला. "म्हणजे ते जा म्हणतायत?"

बघा हं, इथे नुसतं हो म्हटलं असतं तरी सुटली असती. तोंडापर्यंत आलं होतं तिच्या. पण आईचा तो चेहरा बघून तिला वाटलं, आज हो म्हटलं तर आई जन्मभर इथंच बसणार.

"नाही गं आई. ते काहीच म्हणत नाहीत. हे भूत मीच बसवलंय, पान्यानं."

मग तिनं सगळं सांगितलं. रॅकपासून चाकांकडे दोन दांड्या जातात, त्यांच्या टोकाला रबरी बुश, म्हणजे रबराची जाड नळी. नट आवळला की रबर त्याच जागी पकडलं जातं. फिरवलं की पिळतं, सोडलं की परत येतं. म्हणून चाकं सरळ ठेवूनच आवळायचं. "पण भिंतीमुळे पाना शिरेना. मी चाकं पूर्ण डावीकडे वळवली आणि तशीच आवळली. चाकं जमिनीला टेकलेली असती तर फिरलंही नसतं. म्हणून तर या बुवांना गाडी घोडीवर हवी."

"पुरावा?" बुवा म्हणाले.

"गाडी खाली उतरवून बाहेर काढू. अंगणात सरळ आवळते."

"आत्मा जाईल, वहिनी, सांगून ठेवतो."

सगळे आईकडे बघायला लागले. आईनं स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला, दार ढकललं आणि खाली उतरली.

"उतरव," ती म्हणाली.

गल्लीनं गाडी ढकलत बाहेर काढली. एक हात कमी पडला तेव्हा कळलं, बुवा सटकलेत. अंगणात पुन्हा घोडी लावली, चाकं सरळ केली, नट सोडून पुन्हा आवळले. काकांनी उजवीकडे वळवून सोडलं: मधे येऊन थांबलं. डावीकडे वळवून सोडलं: मधेच.

"आता काय म्हणतोय अण्णा?" काकांनी विचारलं.

धाकटी ग्रीसच्या हातांनी आईसमोर उभी राहिली. "आई, तूच सांग. मी जाऊ?"

आईनं पदरानं तिचे हात पुसले. "मला नको वाटतं," ती म्हणाली. "घर खायला उठेल. पण मला नको वाटतं म्हणून तू थांबायचं नाहीस. जा."

तर मंडळी, तुमच्याकडे काही आपोआप फिरलं, हललं, बोललं, तर आधी हात जोडू नका. तोच प्रश्न उलटा करून विचारा. मग वाकून खाली बघा, कुठला नट कसा आवळलाय ते. आणि गेलेल्या माणसाच्या तोंडून उत्तर काढण्यापेक्षा, समोर बसलेल्या जिवंत माणसाला विचारा.