एक खाच म्हणजे सगळ्यात आवळ

"एकशे बेचाळीस, एकशे त्रेचाळीस..."

"मास्तर, माझी काडतुसं आली का हो?"

भोकमास्तरांचं बोट कागदातल्या भोकावर थबकलं. नेमबाजी क्लबात सव्वीस वर्षांपासून एक नियम होता. मोजणी चालू असताना जो बोलेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दातांच्या डॉक्टरीणबाई मुकाट्याने व्हरांड्यातल्या किटलीकडे वळल्या.

"काय करू," जाताजाता त्या म्हणाल्या, "दिवसभर समोरचा माणूस तोंड उघडून गप्प बसलेला असतो. बाहेर पडले की मला आवरत नाही."

मास्तरांचं काम म्हणजे बंदुकीच्या नळीला काडतूस जुळवून देणं. दोन बंदुका दिसायला सख्ख्या बहिणी असल्या, तरी एकीला मानवलेलं काडतूस दुसरीला मानवेलच असं नाही. नळीच्या तोंडाशी जो आवळपणा असतो, त्याला चोक म्हणतात. आवळ चोकमधून छर्रे शाळेच्या रांगेसारखे जातात, सैल चोकमधून शाळा सुटल्यासारखे. म्हणून चाळीस यार्डांवर भलाथोरला कागद लावायचा, त्यावर एक बार टाकायचा, भोकांच्या गर्दीभोवती तीस इंची वर्तुळ काढायचं, आणि आतली भोकं मोजायची. मग मास्तर निदान सांगत: "उजवी नळी पोटाने नाजूक आहे, हिला हलका बार द्या. डावी काय, दगड घातले तरी पचवेल."

मोजून झालेले कागद मास्तर घरी नेत आणि बायको ते कपाटाच्या कप्प्यांत अंथरे. एकदा शेजारीण बघून हळहळली होती, "अगं बाई, कसर लागली वाटतं. पण इतकी गोल?"

मास्तर डोळे मिटून मोजत. कागद पालथा घालायचे, घडीने त्याचे चार भाग पाडायचे आणि फाटून वर आलेल्या कडा बोटाने चाचपत जायचे. लोकांना वाटे, केवढी ही एकाग्रता! दोन नवे सभासद तर त्यांचं बघून डोळे मिटून नेम धरायला लागले होते. त्यांना वेळीच आवरलं.

खरी गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. दोन वर्षांपासून मास्तरांना जवळचं धूसर दिसत होतं आणि लांबचं त्याहून धूसर. चष्म्याने भागणारं दुखणं नव्हतं. क्लबाच्या कोठीतले काडतुसांचे पाच कप्पे मात्र त्यांना तोंडपाठ होते, आणि भोकं मोजायला डोळे लागत नाहीत.

अशात फळ्यावर नव्या सेक्रेटरींची नोटीस लागली. डॉक्टरीणबाईंनी ती मोठ्याने वाचली: "पुढल्या महिन्यापासून सर्वांना एकच काडतूस. कागदांची मोजणी बंद. मास्तरांची नेमणूक फाटकावर, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिण्यासाठी."

गाडीचा नंबर राहू द्या, समोर गाडी आहे की गाय हेच मास्तरांना आवाजावरून ठरवावं लागे.

सेक्रेटरींनी काडतुसांवर डूख धरला होता, कारण त्यांची नवीकोरी बंदूक काही केल्या चकती फोडत नव्हती. नेमासाठी पंचवीस मातीच्या चकत्या हवेत उडवल्या, तर दोन फुटत. त्यातली एक खाली पडून.

संध्याकाळी मास्तर बायकोला म्हणाले, "त्यांची बंदूक पुसताना माझ्या लक्षात आलं. नळीच्या तोंडात पिळून बसवायचे पाच चोक आहेत, कडेला खाचा असतात. एक खाच म्हणजे सगळ्यात आवळ, पाच म्हणजे सगळ्यात सैल. साहेब उलटं धरून बसलेत. जवळच्या चकतीला आवळ लावतात, लांबच्या चकतीला सैल."

"मग सांगा की तसं."

"चारचौघांत? परवा हा माणूस पायरीवरून पडला, तर म्हणाला, फरशी तपासत होतो."

बायको हसली. "मग तुम्ही नका सांगू. कागदाला सांगू द्या."

दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "साहेब, ते एकच काडतूस मागवायचं, तर तुमच्या बंदुकीला जे मानवेल तेच मागवू. एकदा कागद करू या."

सेक्रेटरी खूश झाले. "करा! हा एक खाचवाला, म्हणजे सगळ्यात सैल. हा पाच खाचांचा, म्हणजे सगळ्यात आवळ. साधा हिशेब आहे."

डॉक्टरीणबाईंनी चहाचा घोट तोंडातच धरून ठेवला.

दोन बार झाले. दोन कागद जमिनीवर आले.

"मोजा तुम्ही," मास्तर म्हणाले.

कडक इस्त्रीची पँट सांभाळत सेक्रेटरी गुडघ्यांवर बसले. बराच वेळ कुजबुजत राहिले. मग म्हणाले, "कागदांची अदलाबदल झालीय. सैलमध्ये दोनशे अडतीस आणि आवळमध्ये एकशे सदतीस!"

पुन्हा बार, पुन्हा कागद. या वेळी त्यांनी कागदांवर सही करून ठेवली होती. कागद सहीला बधले नाहीत. आकडे जवळपास तेच.

"म्हणजे एक खाच..."

"हो, साहेब."

"मग बंदूक बनवणाऱ्यांनी हे असं उलटं का केलंय?"

"विचारायला हवं. पत्र लिहू," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "माझाही पहिल्या वर्षी हाच घोळ झाला होता." झाला नव्हता.

मग त्यांनी पहिला कागद पालथा केला, डोळे मिटले आणि बोट फिरवायला सुरुवात केली. शेवटी म्हणाले, "दोनशे एक्केचाळीस."

"अडतीस! मी दोनदा मोजलेत."

"तीन भोकांतून दोन-दोन छर्रे गेलेत. इथे, इथे आणि हे इथे."

सेक्रेटरींनी चष्मा पुसून बघितलं. तिन्ही भोकं किंचित लांबट होती. "कमाल आहे! घ्या, आकडा तुम्हीच लिहा," म्हणत त्यांनी लाल पेन्सिल पुढे केली.

मास्तरांचा हात पेन्सिलीच्या बाजूने चार बोटं पुढे गेला आणि हवेतच चाचपडला.

सेक्रेटरी बघत राहिले. डॉक्टरीणबाईसुद्धा. मग सेक्रेटरींनी पेन्सिल मास्तरांच्या हातात ठेवली, आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटेपर्यंत हात काढला नाही.

"चहा मी टाकतो," ते म्हणाले. "मोजणीत बोललो मी."

सोमवारी मास्तर आले, तेव्हा कोठीतून कानशीचा आवाज येत होता. आत सेक्रेटरी. पँटवर इस्त्रीपेक्षा लाकडाचा भुसा जास्त.

"नोटीस काढलीय," ते मान वर न करता म्हणाले. "पाच तऱ्हेची काडतुसं पूर्वीसारखीच येतील. पण उद्या कोणी कप्पे काढून इकडचे तिकडे बसवले तर? जरा हात लावून बघा."

मास्तरांनी वरच्या कप्प्याच्या कडेवर अंगठा फिरवला. लाकडात एक खाच होती. खालच्या कप्प्याला दोन.

"एक खाच म्हणजे सगळ्यात आवळ," सेक्रेटरी म्हणाले. "बरोबर ना?"

मास्तरांनी मान हलवली. बोलले नाहीत, कारण मोजणी सुरू झाली होती. एक. दोन. तीन...

"मास्तर, माझी काडतुसं आली का हो?" दारातून आवाज आला. मग डॉक्टरीणबाईंची पावलं आपली आपणच किटलीकडे वळली.

मास्तरांनी अंगठा उचलला, आणि पुन्हा पहिल्या खाचेवर नेऊन ठेवला.