पाण्यावरचे दोन ठोके

मित्रांनो, पोहून आल्यावर शेडमागच्या ज्या गंजक्या पिंपावर तुम्ही ओले टॉवेल टाकता, तो मी. मी एक जुना बोया आहे. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. तळाला एक जड दगड, दगडाला साखळी आणि साखळीच्या वरच्या टोकाला मी. टॉवेल खुशाल टाका. पण आज टेकलाच आहात, तर माझी कहाणीही ऐका.

माझा जन्म धक्क्याजवळच्या वर्कशॉपमध्ये झाला. वेल्डरने तेलाच्या रिकाम्या पिंपाची तोंडं बंद केली, वर-खाली एकेक कडी जोडली आणि अंगाला नारिंगी रंग फासला. आता हा काही बुडत नाही, असं तो म्हणाला. कौतुक झालं ते एवढंच. मग होडीतून नेऊन त्यांनी मला किनाऱ्यापासून बरंच आत सोडून दिलं.

तिथे मी एकटा होतो. एकटा म्हणजे किती, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. पक्षी यायचे, बसायचे, घाण करून उडून जायचे. एकदा एका कासवाने माझ्याभोवती फेरी मारली, मला नीट निरखलं आणि आपल्या वाटेने निघून गेलं. शर्यतीतल्या शिडाच्या होड्या मला खेटून वळायच्या, नावाडी एकमेकांवर खेकसायचे, की लगेच सगळी शिडं पाठमोरी. माझ्यापर्यंत सगळे यायचे, ते वळून परत जाण्यासाठीच.

फक्त बदकचं येणं वेगळं होतं. शिडं शिवणाऱ्या बाबांची ही मुलगी. पाण्याबाहेर जरा डुलत चालायची, म्हणून सगळे तिला बदक म्हणत. ती रोज सकाळी पोहत यायची आणि मागे वळण्याआधी मला दोनदा ठोकायची. मी आतून पोकळ, त्यामुळे आवाज पाण्यावरून थेट किनाऱ्यावर जायचा. बाबांना लांबचं दिसत नसे, पण कान तिखट होते. ठोके ऐकले की ते शेडमधल्या स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत. तिची आई गेल्यापासून बापलेकीचा हा नेम होता. ठोके येईपर्यंत बाबांची सुई पुढे सरकत नाही, असं ती एकदा मैत्रिणीला सांगत होती. ते ऐकून मला फार बरं वाटलं. निदान कुणाच्या तरी घरात माझी वाट पाहिली जात होती.

दरवर्षी शर्यतीआधी मला नवा रंग मिळायचा. खालच्या साखळीकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ती गंजून झिजत चालली होती. तिची किरकिर मला ऐकू यायची, पण सांगणार कुणाला?

एकदा मोठं वादळ झालं. ते ओसरल्यावर सकाळी साखळी तुटली. ओहोटी लागली होती. मी खोल पाण्याकडे वाहू लागलो आणि बदक नेहमीसारखी माझ्या रोखाने निघाली. मध्येच मान वर काढून बघायची, नारिंगी रंग दिसला की पुन्हा हात मारायची. मला हात लावल्याशिवाय ती वळणार नव्हती, कारण तिकडे बाबा कान लावून बसले होते. धुकं उतरत होतं. बाई, मागे फिर, असं मला ओरडावंसं वाटत होतं. मला तोंड नाही, याचं इतकं दुःख कधी झालं नव्हतं.

अखेर तिने माझी कडी धरली. धापा टाकत मागे पाहिलं, तर किनारा दिसेना.

"तूच सुटलायस होय रे," ती हळू आवाजात म्हणाली.

तिचे ओठ निळे पडले होते. परत पोहण्याचं त्राण नव्हतं आणि दिशाही कळत नव्हती. तिने कडीत हात अडकवला आणि मला ठोकलं. दोनदा. जरा थांबून पुन्हा दोनदा. बोटांची सालं निघाली, तरी ती ठोकत राहिली, आणि मी अंगात होता नव्हता तेवढा आवाज दिला.

तिकडे काय झालं, ते मला मागाहून कळलं. बाबांनी आधण ठेवलं होतं. पण ठोके थांबेनात, आणि येत होते भलत्याच बाजूने. कुठलं तरी इंजिन असेल, असं शेडमध्ये चहाला टेकलेल्या नावाडीकाकांचं म्हणणं पडलं. बाबांनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि होडी काढायला लावली. वारा बेताचा, शीड धड फुगेना, म्हणून काकांनी वल्ही मारली. बाबा पुढे बसून, डोळे मिटून, हाताने दिशा दाखवत होते.

त्यांनी तिला वर ओढून शिडाच्या कापडात गुंडाळलं. मग माझ्या साखळीचा उरलेला तुकडा हातात घेतला. त्याचा पार भुगा होत होता.

"दरवर्षी वरून रंग देत बसलो," बाबा म्हणाले, "खाली कुणी पाहिलंच नाही."

मला ओढत किनाऱ्यावर आणलं. चार दिवस लोक कौतुकाने बघून गेले, मग विसरले. माझ्या जागी प्लॅस्टिकचा बोया आला. त्याची साखळी पाणबुडे नेमाने तपासतात, हे चांगलंच झालं. पण तो वाजत नाही.

आता बाबा नाहीत. शेडला कुलूप असतं. बदकचे केस पांढरे झालेत, पण पोहणं सुटलेलं नाही. बाहेर आली की अंग पुसायच्या आधी ती माझ्यापाशी येते, दोनदा ठोकते आणि जराशी थांबते. आत स्टोव्ह पेटत नाही. ते तिलाही माहीत आहे आणि मलाही.

मित्रांनो, मला रंग नको. टॉवेल तेवढा पिळून टाकत जा, माझा पत्रा आता फार पातळ झालाय. ज्याच्या भरवशावर तुम्ही खोल पाण्यात जाता, त्याची साखळी अधूनमधून हातात घेऊन पाहा. आणि घरी कुणी कान लावून बसलं असेल, तर त्याला ताटकळत ठेवू नका. ऐकणारं माणूस आहे, तोवर ठोकून घ्या.