पांढरेशुभ्र खडक

दातांच्या डॉक्टरला जगात कुठेही पिवळं-तपकिरी दिसलं की हात शिवशिवतात. म्हणून भाच्याने दवाखान्यातल्या माशांच्या टाकीतले प्रवाळाचे खडक बाहेर काढले, दात खरवडायच्या मशीनने लख्ख घासले आणि मामाला मोठ्या कौतुकाने दाखवले. मामाचं पोट अशा टाक्या सांभाळण्यावरच होतं. त्याने कपाळाला हात लावला.

टाकीत एकच मँडरीन मासा होता. बोटाएवढा जीव, निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा. पेशंट दाढेची कळ विसरून बघत बसायचे. समुद्रात हा मासा प्रवाळाच्या कपारींतून दिवसभर टिपत हिंडतो. खडकावरच्या शेवाळात दिसतील न दिसतील असे किडे असतात, तेच त्याचं जेवण. भाच्याने त्याचं अख्खं स्वयंपाकघर खरवडून मोरीत सोडलं होतं.

मामाने समजावलं. भाच्याने पेशंटचं ऐकतो तसं ऐकलं, म्हणजे समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबलेला असल्यासारखं. मग महागड्या खाऊचा डबा दाखवला. त्यात म्हणे सगळी जीवनसत्त्वं होती. मासा त्याकडे ढुंकून बघेना. दोन आठवड्यांत पोट खपाटीला गेलं. रंग मात्र अजून झगझगीत, त्यामुळे येणारे-जाणारे म्हणत, काय गोड दिसतोय.

मामा घरच्या टाकीतला शेवाळलेला खडक घेऊन आला. भाच्याने दारातच अडवलं.

"मामा, ही घाण इथे नको. लोक म्हणतील, दातांच्या डॉक्टरकडेच कीटण."

"तो उपाशी मरतोय रे."

"मेला तर दुसरा आणा. रंग तेवढा हाच बघा."

भाचा खूप शिकलाय याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. बहिणीने फोन करून बजावलंही होतं, की पोराच्या दवाखान्यात शहाणपणा करू नकोस, त्याच्या ओळखीवर तुला आठ टाक्यांचं काम मिळालंय.

मामाने बाह्या वर केल्या, भरल्या वेटिंग रूममध्ये टाकीत जाळी घातली आणि मासा बरणीत घेतला. पेशंटसमोर आवाज चढवायची सोय नव्हती, म्हणून भाचा दात दाखवत हळूच म्हणाला, "त्या आठही टाक्या आता विसरा."

"विसरलो," मामा म्हणाला आणि बरणी छातीशी धरून जिना उतरला.

घरच्या टाकीत मासा बराच वेळ तळाशी पडून राहिला. मग खडकाकडे सरकला. एकदा टिपलं, पुन्हा टिपलं. मामा स्टुलावर बसून ते बघत राहिला, आठ कामं गेलेल्या माणसासारखा दिसत नव्हता.

तेवढ्यात भाच्याचा फोन आला. खडक फार छान चमकतायत, पण रिकामी टाकी बरी दिसत नाही, आत काय सोडू?

"कवळी सोड," मामा म्हणाला. "तिला भूक लागत नाही."